गणेशखिंडीतले बॅरिस्टर

पुणे विद्यापीठात शिकलेल्या माणसाला 'जयकर' म्हटलं की माणूस आठवत नाही, जागा आठवते. जयकरला भेटू, जयकरमध्ये जागा धरून ठेव, रात्री जयकर किती वाजेपर्यंत उघडं आहे, अशी वाक्यं विद्यापीठाच्या आवारात रोज कानावर पडतात. स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड पुस्तकांत बुडालेल्या तिथल्या मुलामुलींना हे जयकर कोण, असं विचारलं तर पहिले कुलगुरू, एवढं बहुतेकजण सांगतील. कुलगुरू म्हणजे प्राध्यापक असणार, असंही त्यांनी मनात गृहीत धरलेलं असतं.

मुकुंद रामराव जयकर प्राध्यापक नव्हते. ते वकील होते. मुंबई हायकोर्टात नाव कमावलेले बॅरिस्टर, पुढे दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश आणि त्यानंतर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीचे सदस्य. वयाच्या पंचाहत्तरीला, म्हणजे इतर माणसं नातवंडांत रमतात त्या वयात, त्यांनी एक नवं विद्यापीठ उभं करायला घेतलं आणि आठ वर्षं ते चालवलं. त्या चाकरीची पावती म्हणून विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयाला त्यांचं नाव दिलं. २०१४ साली पुणे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. ग्रंथालयाच्या नावाला शेपट्या जोडल्या गेल्या, पण त्यातलं जयकर हे नाव कुणी हलवलं नाही.

मला या गृहस्थांविषयी कुतूहल वाटतं ते वेगळ्या कारणाने. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या राजकीय पेचात जयकर कुठे ना कुठे उभे दिसतात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते दोन भांडणाऱ्या पक्षांच्या मधे असतात. मध्यस्थाला यश आलं तर ते पक्षकारांचं असतं आणि अपयश आलं तर ते त्याचं. जयकरांच्या वाट्याला दुसरंच अधिक आलं. टिकलं ते त्यांनी समितीच्या टेबलावर बसून लिहिलेलं, ज्याची वर्तमानपत्रांनी फारशी दखलही घेतली नसेल.

जयकरांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा, मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातला. शिक्षण मुंबईत, एलएल. बी. १९०२ साली. मग विलायतेला जाऊन ते बॅरिस्टर झाले आणि १९०५ साली मुंबई हायकोर्टात उभे राहिले. त्या काळचं मुंबई हायकोर्ट म्हणजे बदरुद्दीन तय्यबजी, तेलंग, रानडे, चंदावरकर यांनी गाजवलेलं कोर्ट. चिमणलाल सेटलवाड, भुलाभाई देसाई, जीना ही मंडळी तिथे जयकरांच्या आगेमागे. वकिली करता करता सार्वजनिक कामात पडणं हा तिथला रिवाजच होता. मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ साली झाले, तेही हायकोर्टाचेच. पुढे नारायण गणेश चंदावरकर झाले, मग सेटलवाड तब्बल बारा वर्षं. कायद्याचा माणूस विद्यापीठाच्या खुर्चीत बसला म्हणून तेव्हा कुणाला नवल वाटत नसे.

जयकर वक्ते म्हणून गाजले. त्यांना वेदान्ताचं वेडही होतं. वासुदेव जगन्नाथ कीर्तिकरांचा वेदान्तावरचा इंग्रजी ग्रंथ त्यांनी संपादून १९२४ साली प्रसिद्ध केला. पण देशाला ते ठाऊक झाले ते त्याआधी, जालियनवाला बागेनंतर. सरकारने हंटर कमिटी नेमली तशी काँग्रेसनेही आपली स्वतंत्र चौकशी समिती नेमली. तिच्यात गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर. चौघेही बॅरिस्टर. सतराशेहून अधिक लोकांचे जबाब त्यांनी तपासले आणि त्यांतले सुमारे साडेसहाशे अहवालासोबत छापले. मार्च १९२० मध्ये तो अहवाल बाहेर आला. सभेत टाळ्या घेणारं भाषण आणि उलटतपासणीत टिकणारा जबाब यांतला फरक कळणारी माणसं त्या समितीत होती, म्हणून त्या कागदांना आजही वजन आहे.

त्यानंतरची दहा वर्षं मी भराभर सांगतो, कारण त्यात पक्ष बदलणं आणि पक्ष फुटणं याखेरीज फारसं हाती लागत नाही. १९२३ साली स्वराज्य पक्षातर्फे जयकर मुंबई कायदेमंडळात गेले आणि तिथे पक्षाचे नेते झाले. दोन वर्षांत मोतीलाल नेहरूंशी त्यांचं बिनसलं. न. चिं. केळकर, डॉ. मुंजे आणि जयकर यांनी 'प्रतियोगी सहकारिता' या टिळकांच्या सूत्राचा झेंडा उभारून वेगळी चूल मांडली. १९२६ साली जयकर दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेत भावी राज्यघटनेचा आराखडा असलेल्या नेहरू अहवालावर जीनांनी दुरुस्त्या मागितल्या. तेजबहादूर सप्रूंचा कल त्या मान्य करून टाकण्याकडे होता, जयकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या आणि जीना निराश होऊन परतले. पुढच्या वीस वर्षांत जे घडलं त्याचं सगळं खापर त्या एका दिवसावर फोडणं अन्यायाचं होईल. पण समेटाचा वकील म्हणून नाव झालेल्या माणसाने त्या दिवशी समेटाच्या विरुद्ध बाजूने वकीलपत्र घेतलं होतं, हे त्यांच्या चरित्रातून पुसता येणार नाही.

याच दिल्लीच्या काळात एक गोष्ट अशी झाली की जिच्यावरून तुम्ही-आम्ही रोज जातो, पण जयकरांचं नाव घेत नाही. १९२७ साली सरकारने देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली आणि जयकर तिचे अध्यक्ष झाले. मोटारी वाढत होत्या, रस्ते बैलगाडीच्या काळातले होते, आणि रस्ता ही प्रांतांची आणि लोकल बोर्डांची बाब असल्यामुळे कुणाच्याच खिशात पैसा नव्हता. समितीने १९२८ साली सुचवलं की रस्ता हा केवळ स्थानिक विषय राहिलेला नाही. पेट्रोलवर दर गॅलनला चार आणे कर होता, तो सहा आणे करावा आणि वरचे दोन आणे फक्त रस्त्यांसाठी बाजूला काढावेत. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी निघाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी जो पैसा मोजतो त्याचं मूळ त्या दोन आण्यांत आहे. आजही रस्ते अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या धड्यात 'जयकर समिती' येते. इंजिनियरिंगची मुलं ती एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ करतात आणि हे जयकर तेच ग्रंथालयवाले, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

आता पुण्याकडे येऊ. जयकरांचं पुण्याशी नातं जडलं ते विद्येमुळे नाही, तुरुंगामुळे. तेही स्वतःच्या कैदेमुळे नव्हे.

१९३० च्या उन्हाळ्यात मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला होता. गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. सरकारला लंडनमध्ये गोलमेज परिषद भरवायची होती आणि काँग्रेसशिवाय ती परिषद म्हणजे नवरदेवाशिवायची वरात ठरली असती. अशा वेळी तेजबहादूर सप्रू आणि जयकर या दोघांनी व्हाइसरॉय आयर्विनना सांगितलं की आम्ही बोलून पाहतो. सप्रू अलाहाबादचे काश्मिरी पंडित, कायद्याचे गाढे अभ्यासक आणि उर्दू-फारसीचे रसिक. जयकर मुंबईचे मराठी बॅरिस्टर. कलकत्त्यात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले हे दोघे इथे एकत्र आले आणि पुढे जवळजवळ पंधरा वर्षं ही जोडी टिकली. 'सप्रू-जयकर' हा तेव्हाच्या बातम्यांतला एकच शब्द झाला.

जुलैच्या २३ आणि २४ तारखेला दोघे येरवड्यात गांधींना भेटले. गांधींनी नेहरूंसाठी चिठ्ठी दिली. ती घेऊन दोघे नैनीला गेले. नेहरू पितापुत्रांनी सांगितलं की गांधींशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय आम्ही काही कबूल करणार नाही. जयकर एकटेच परत येरवड्याला आले. पुन्हा चर्चा, पुन्हा चिठ्ठ्या. शेवटी सरकारने कैद्यांनाच कैद्यांकडे न्यायचं ठरवलं. मोतीलाल, जवाहरलाल आणि सय्यद महमूद यांना खास गाडीने नैनीहून आणलं आणि पुणे स्टेशनावर गर्दी व्हायला नको म्हणून अलीकडे खडकीलाच उतरवलं. मोतीलाल आजारी होते. प्रवासाने ते अधिकच खचले आणि पुढे सहा महिन्यांतच वारले.

खडकी स्टेशनापासून गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाउस हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात मुंबईचे गव्हर्नर तिथेच मुक्कामाला असत. एकाच गावात नदीच्या एका अंगाला साम्राज्याचा प्रतिनिधी लॉनवर चहा घेतोय आणि दुसऱ्या अंगाला त्या साम्राज्याचे कैदी त्याच्याशी तह करायचा की नाही यावर खल करताहेत, असा तो ऑगस्ट महिना होता.

१३ ते १५ ऑगस्ट असे तीन दिवस येरवड्याच्या तुरुंगात बैठक चालली. गांधी, दोघे नेहरू, महमूद, सरोजिनी नायडू, वल्लभभाई, जयरामदास दौलतराम. ही एका बाजूची माणसं, सगळी कैदी. समोर सप्रू आणि जयकर, ज्यांना संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकातून बाहेर जायची मुभा होती. मध्यस्थाची अडचण इथे नेमकी दिसते. कैद्याशी वाटाघाट करायची तर त्याला देण्यासारखं हातात काहीतरी हवं, आणि ते सरकारने दिलेलं नव्हतं. १५ ऑगस्टला कैद्यांनी सही करून पत्र दिलं. साम्राज्यातून बाहेर पडण्याचा हक्क, संरक्षण आणि तिजोरीवर ताबा असलेलं राष्ट्रीय सरकार, ब्रिटिशांच्या देण्याघेण्याची स्वतंत्र न्यायाधिकरणाकडून तपासणी अशा त्यांच्या अटी होत्या. आयर्विनना त्यांतली एकही पटण्यासारखी नव्हती. सप्टेंबरच्या सुरुवातीला वाटाघाटी मोडल्या. त्या पत्रानंतर बरोबर सतरा वर्षांनी, १५ ऑगस्टलाच, त्या अटींच्या पलीकडचं सगळं मिळालं, पण तेव्हा सप्रू-जयकरांचं कुणाला काम उरलं नव्हतं.

वाटाघाटी फसल्या तरी दार उघडं राहिलं होतं. गोलमेज परिषदेहून परतल्यावर सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री या तिघांनी पुन्हा मध्यस्थी केली आणि मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार झाला. त्याचं श्रेय अर्थातच ज्यांची नावं कराराला आहेत त्यांना गेलं.

दीड वर्षाने जयकर पुन्हा येरवड्यात आले. २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधींनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध प्राणांतिक उपोषण सुरू केलं. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली खाट टाकलेली, तिच्यावर दिवसेंदिवस खंगत चाललेले गांधी आणि समोर डॉ. आंबेडकर. साऱ्या देशाचा दबाव आंबेडकरांवर होता आणि त्यांच्या बाजूने बोलणारी माणसं त्या आवारात मोजकीच. आधी अस्पृश्य मतदारांनी आपले उमेदवार निवडायचे आणि मग त्यांतून सर्वांनी एक निवडायचा, ही दुहेरी निवडणुकीची युक्ती सप्रूंची. तिच्या आधारे तडजोडीचा मसुदा आकाराला आला. स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या सरकारी निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतांच्या कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, त्या १४८ झाल्या. बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेले. २४ सप्टेंबरला सह्या झाल्या, त्यांत जयकरांचीही आहे. हा पुणे करार अस्पृश्यांवर लादला गेला की त्यांना त्याने काही दिलं, यावर नव्वद वर्षं वाद चालू आहे आणि माझ्या मते तो चालू राहणंच योग्य आहे. आंबेडकरांनी स्वतः पुढे या कराराविषयी किती कडवटपणे लिहिलं ते सर्वांना ठाऊक आहे.

पण जयकर आणि आंबेडकर यांचं खातं तिथे बंद होत नाही. त्याचं पुढचं पान पंधरा वर्षांनंतरचं आहे.

मधल्या काळात जयकर न्यायाधीश झाले. १९३५ च्या कायद्याने फेडरल कोर्ट स्थापन झालं. त्यात सुरुवातीला तीनच न्यायाधीश होते: सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर. आजच्या सर्वोच्च न्यायालयाचा हा पूर्वज. १९३८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने जयकरांना सन्माननीय डी. सी. एल. दिली. १९३९ साली ते प्रिव्ही कौन्सिलवर गेले. हिंदी वकिलाला त्या काळी याहून वरची पायरी नव्हती. तिथे पोचून ते थोड्याच काळात परतले.

परतल्यावर जे काम समोर आलं ते दिसायला किरकोळ होतं. १९४२ साली मुंबई सरकारने महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ असावं का, हे तपासायला समिती नेमली आणि जयकरांना अध्यक्ष केलं. साल पाहा. देशात 'चले जाव' पेटलेलं, महायुद्ध चालू, बंगालवर दुष्काळाची सावली. पुण्याच्या विद्यापीठाची चिंता करायला हा काही मुहूर्त नव्हता.

तरी चिंता खरी होती. १८५७ साली निघालेलं मुंबई विद्यापीठ हे सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या कॉलेजांच्या परीक्षा घेणारं यंत्र होतं. पुण्यात विद्या होती पण विद्यापीठ नव्हतं. डेक्कन कॉलेज, इंजिनियरिंग कॉलेज, १८८५ चं फर्ग्युसन, १९१६ चं न्यू पूना कॉलेज म्हणजे आपलं एस. पी., १९२४ चं लॉ कॉलेज, १९१७ पासून भांडारकर संस्था, १९३० पासून गोखले अर्थशास्त्र संस्था. इतकं सगळं असून अभ्यासक्रमात एखादं पुस्तक बदलायचं तरी मुंबईच्या सिनेटकडे डोळे लावून बसायचं. टिळकांच्या अनुयायांनी १९२१ साली टिळक महाराष्ट्र विद्यापीठ काढलं, त्याआधी अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पण सरकारमान्य पदवी देणारं सर्वसाधारण विद्यापीठ नव्हतंच.

जयकर समितीने १९४३ साली अहवाल दिला आणि पुण्यात विद्यापीठ असावं असं सांगितलं. समितीचं नाव 'महाराष्ट्र विद्यापीठ समिती' होतं. ते नाव पुढच्या कायद्यात टिकलं नाही, 'पूना युनिव्हर्सिटी' असं गावाचं नाव पडलं. तेव्हा महाराष्ट्र नावाचा प्रांतच नव्हता, तो व्हायला आणखी सतरा वर्षं लागायची होती. अहवाल आला आणि तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे फायलीत गेला. प्रांतात लोकनियुक्त सरकार नव्हतं. १९४६ साली बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ परत आल्यावर फाइल हलली. बाळ गंगाधर हे नाव महाराष्ट्राने टिळकांच्या स्वाधीन करून टाकलं आहे, पण खेरांचंही पूर्ण नाव बाळ गंगाधर खेर. आणि तेही पेशाने कायद्याचेच, मुंबईतले नामांकित सॉलिसिटर. मुख्यमंत्रिपदाबरोबर शिक्षणखातंही त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं.

याच वेळी जयकर दिल्लीत घटना समितीत होते, मुंबई प्रांतातून निवडून गेलेले. १३ डिसेंबर १९४६ रोजी जवाहरलालांनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. १६ तारखेला जयकरांनी दुरुस्ती आणली: मुस्लिम लीग आणि संस्थानं अजून सभागृहात आलेली नाहीत, त्यांना यायला वेळ द्या, तोवर ठराव थांबवा. सभागृह खवळलं. जयकर इतिहासात कायम चुकीच्या वेळी योग्य मुद्दा काढणारे म्हणून बदनाम आहेत, तसंच इथेही झालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी अनपेक्षितपणे आंबेडकरांना बोलायला बोलावलं. आंबेडकर जयकरांच्या मुद्द्याच्या बाजूने बोलले आणि असं बोलले की विरोधात बसलेल्यांनीही टाळ्या वाजवल्या. ठराव लांबणीवर पडून २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग काही आली नाही.

मग जयकरांनी घटना समितीचा राजीनामा दिला. फाळणीमुळे बंगालमधून निवडून आलेल्या आंबेडकरांची जागा गेली होती. ३० जून १९४७ रोजी घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी खेरांना पत्र लिहिलं की मुंबई प्रांतात जयकरांच्या राजीनाम्याने जी जागा मोकळी झाली आहे तिच्यावर आंबेडकरांना निवडून पाठवा. खेरांनी ते केलं. जुलैत आंबेडकर त्या जागेवरून परत सभागृहात आले, ऑगस्टअखेर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. येरवड्याच्या करारावर ज्या दोघांच्या सह्या होत्या त्यांपैकी एकाने रिकामी केलेल्या खुर्चीत बसून दुसऱ्याने राज्यघटना लिहिली. जयकरांचा राजीनामा हे त्यांच्या राजकारणातलं सर्वांत फलदायी काम ठरलं असं कुणी म्हटलं तर ते खवचटपणाचं होईल, पण खोटं होणार नाही.

पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ चा. त्याच साली जयकर कुलगुरू झाले. विद्यापीठ आपला स्थापना दिन १० फेब्रुवारी १९४९ धरतं. सुरुवातीला डोक्यावर छप्परही स्वतःचं नव्हतं. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्थेच्या आवारात निजामाच्या देणगीतून बांधलेलं अतिथिगृह आहे, तिथे कचेरी थाटली. अठरा कॉलेजं, बारा जिल्हे, दक्षिणेला कोल्हापूर आणि उत्तरेला जळगाव, आणि कारभार एका पाहुण्यांच्या बंगल्यातून.

नव्या विद्यापीठाला पहिली गरज कसली असते? इमारतीची नाही, प्राध्यापकांचीही नाही. कागदाची. सिनेटवर कोण बसणार, अकॅडेमिक कौन्सिलला काय अधिकार, कॉलेजाला मान्यता कशी द्यायची आणि काढायची कशी, परीक्षेत कॉपी झाली तर शिक्षा कुणी द्यायची. हे सगळं कायद्याच्या भाषेत, पुढे कोर्टात टिकेल असं लिहून काढावं लागतं. एकदा वाईट लिहिलं की पन्नास वर्षं खटले चालतात. सरकारी कायदा म्हणजे नुसता सांगाडा. त्यात प्राण भरणारे नियम-पोटनियम विद्यापीठानेच करायचे असतात. अशा वेळी प्रिव्ही कौन्सिलवर बसून आलेला माणूस वर असणं ही केवढी सोय होती. विद्यापीठाची सुरुवात विद्वानाने करावी असं आपल्याला वाटतं. मला वाटतं ती वकिलाने करावी, विद्वानांनी मागाहून यावं.

मग जागेचा प्रश्न. खेरांनी गणेशखिंडीतलं गव्हर्नमेंट हाउस आणि भोवतीची ४११ एकरांहून अधिक जमीन विद्यापीठाला दिली. १९५० च्या सुरुवातीला ताबा मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत शेजारी पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन नेहरूंनी केलं, त्यामुळे पुण्याचा हा माळ एकाएकी विद्येचा माळ झाला.

ही जागा साधीसुधी नव्हती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई याच परिसरात झाली आणि पेशवाईचा दिवा विझायला लागला. १८६० च्या दशकात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता, तेव्हा गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी जेम्स ट्रबशॉ या वास्तुतज्ज्ञाकडून इथे पावसाळी प्रासाद बांधायला घेतला. १८६४ साली सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी कापसाचा फुगा फुटला आणि मुंबईची दिवाळखोरी झाली, पण बांधकाम थांबलं नाही. १८७१ पर्यंत ते चाललं आणि त्यावरच्या उधळपट्टीची चर्चा थेट विलायतेच्या पार्लमेंटात झाली. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ याच वाड्यात होता. तिथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडला चाफेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गाठलं.

अशा वाड्याचं काय करायचं? काही देशांत लोकांनी असे वाडे जाळले. मुंबई प्रांतात एका सॉलिसिटरने तो एका बॅरिस्टरच्या हवाली केला आणि त्यात विद्यापीठाचं कार्यालय आलं. प्रांताचा गव्हर्नर हाच विद्यापीठाचा कुलपती असल्यामुळे, ज्यांच्या पूर्वसुरींसाठी हा प्रासाद बांधला ते आता पदवीदान समारंभाला पाहुणे म्हणून इथे येऊ लागले. कुलगुरूंचं कार्यालय आजही त्या मुख्य इमारतीतच आहे.

विद्यापीठाचं ग्रंथालय १९५० साली सुरू झालं. विज्ञानाचे विभाग एकेक करून उघडत गेले, पदार्थविज्ञान १९५२ साली. पदव्युत्तर शिकवणं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने वाटून घ्यायचं की विद्यापीठाने आपल्या विभागांत ओढून घ्यायचं, हा तेव्हाचा वाद आजही पुण्याच्या कॉलेजांतल्या जुन्या प्राध्यापकांना चढ्या आवाजात बोलायला लावतो. फर्ग्युसन आणि एस. पी.च्या मंडळींना आपल्या वर्गातलं एम. ए. गणेशखिंडीत जाणं रुचणं शक्यच नव्हतं. दोन्ही पक्षांना सांभाळून चालायचं हे काम जयकरांच्या सवयीचं होतं, आणि इथे समोर व्हाइसरॉय नव्हता की उपोषणाला बसलेलं कुणी नव्हतं. मध्यस्थी पहिल्यांदाच त्यांच्या अधिकारात होती.

१९५६ साली, ब्याऐंशी वर्षांचे असताना, ते पायउतार झाले. त्यांच्या जागी रँग्लर र. पु. परांजपे आले, मग द. गो. कर्वे, मग दत्तो वामन पोतदार. गणिती, अर्थशास्त्रज्ञ, इतिहाससंशोधक. पण कायद्याच्या माणसांची परंपरा तुटली नाही. १९६४ साली पुण्यातच वकिली केलेले काकासाहेब गाडगीळ कुलगुरू झाले आणि १२ जानेवारी १९६६ ला त्या पदावर असतानाच वारले. १९६७ साली हरिभाऊ पाटसकर आले, ज्यांनी केंद्रात कायदामंत्री म्हणून हिंदू विवाह आणि वारसा कायद्यांची बाजू सांभाळली होती. त्यांचंही निधन १९७० साली पदावर असतानाच झालं. दरम्यान १९६२ साली शिवाजी विद्यापीठ निघून दक्षिणेकडचे जिल्हे गेले, १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होऊन वरचे जिल्हेही गेले.

जयकर १० मार्च १९५९ रोजी वारले. शेवटच्या वर्षांत ते आत्मचरित्र लिहीत होते. 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'चा पहिला खंड १९५८ साली निघाला आणि दुसरा १९५९ साली. दुसरा खंड १९२५ साली थांबतो. म्हणजे रस्ते समिती, येरवड्याच्या फेऱ्या, पुणे करार, फेडरल कोर्ट, घटना समिती आणि गणेशखिंडीतली आठ वर्षं, यांतलं काहीच त्यात नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाजू मांडणाऱ्या या वकिलाची आपली बाजू अर्ध्यावरच राहिली.

ती सापडायची तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. 'जयकर पेपर्स' या नावाने त्यांची पत्रं, टिपणं आणि कात्रणं तिथे ठेवलेली आहेत आणि त्या काळावर लिहिणारे देशी-परदेशी अभ्यासक ती सतत वापरतात. जयकरांचं नाव ग्रंथालयाला देऊन विद्यापीठाने ऋण फेडायला सुरुवात केली. आता १९२५ नंतरच्या त्या कागदांतून निवड करून, मराठी भाषांतर आणि टिपांसह, दोन-तीन खंड छापायचं काम त्याच विद्यापीठाने अंगावर घ्यावं. इतिहास, राज्यशास्त्र आणि विधी असे तीन विभाग एकाच आवारात आहेत, आणि अशा कामाला लागणारी मुलं सकाळी सातपासून जयकरच्या दारात रांग लावून उभी असतात.